मोशेने लिहिले, असे तोराह कुठे म्हणते?

ज्यू धर्मग्रंथांतली पहिली पाच पुस्तके (तोराह), म्हणजे उत्पत्ती, निर्गम, लेवीय, गणना आणि अनुवाद, मोशेने स्वतः लिहिली की नाही, हा वाद मराठीत क्वचित होतो. झालाच तर तो ठरलेल्या वाटेने जातो. एक बाजू म्हणते की परंपरा दोन हजार वर्षांहून अधिक काळ मोशेचेच नाव घेत आली आहे. शंका काढली ती एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन प्राध्यापकांनी, त्यांच्या मनात ज्यूंविषयी आकस होता, आणि त्यांचा सिद्धांत आता त्यांच्याच वारसदारांनी मोडीत काढला आहे. दुसरी बाजू तितक्याच उत्साहाने सांगते की मोशेने लिहिले नसेल तर सगळे प्रकरणच बनावट, पुरोहितांनी मागाहून रचलेले. माझा प्रतिवाद मुख्यतः पहिल्या बाजूशी आहे, कारण ती अधिक अभ्यासू आहे आणि तिच्या काही आक्षेपांत तथ्य आहे. पण दोन्ही बाजूंची मूळ चूक एकच आहे. पवित्र ग्रंथाला एकच लेखक असला पाहिजे, आणि तो सापडला नाही तर ग्रंथ खोटा ठरतो, हे दोघींनीही न तपासता धरून ठेवले आहे. पुरावा पाहिला तर वेगळेच दिसते. ही पाच पुस्तके कित्येक पिढ्यांत, अनेकांच्या हातून, आधीच्यांशी वाद घालत वाढली. मोशेचे नाव त्या वाढीमागचा अधिकार सांगते. ती लेखकाची सही आहे असे त्या पुस्तकांनीच कुठे म्हटलेले नाही.

मराठी वाचकाने हा प्रश्न परका मानण्याचे कारण नाही. अलिबाग, पेण, मुरूड या पट्ट्यात शतकानुशतके राहिलेला बेने इस्राएल समाज मराठी बोलत आला आणि आपली धर्मकथाही मराठीतच सांगत आला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या समाजात अब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या चरित्रांवर मराठी कीर्तने होऊ लागली, आणि जोसेफ यहज्केल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. पुणे जिल्ह्यातच, दौंड तालुक्यातल्या केडगावला, पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून तोराहसकट अख्खे बायबल मूळ भाषांवरून मराठीत उतरवले. १९२२ साली त्या गेल्या, तोवर हेच काम त्यांच्या हातात होते. मूळ ग्रंथाला थेट भिडण्याची तयारी आपल्याकडे होती. ग्रंथ घडला कसा, हे विचारण्याची तयारी मात्र आपण महाभारत आणि ज्ञानेश्वरी यांच्यापुरती राखून ठेवली, आणि बायबलचा विषय निघाला की श्रद्धा किंवा कुचेष्टा यांपैकी एक निवडू लागलो.

आधी ग्रंथ स्वतः काय म्हणतो ते पाहू. मोशेने काही लिहिल्याचे उल्लेख या पाच पुस्तकांत मोजके आहेत, आणि प्रत्येक ठिकाणी काय लिहिले तेही सांगितले आहे. अमालेकाशी झालेल्या लढाईची नोंद, सीनायपाशी झालेल्या कराराचे नियम, वाळवंटातल्या मुक्कामांची यादी, आणि अनुवादाच्या अखेरीस एक नियमशास्त्र व एक गीत. निवेदक अमुक भाग मोशेने लिहिला असे सांगतो, तेव्हा तो स्वतः मोशेहून वेगळा उभा असतो. निवेदक मोशेविषयी तृतीय पुरुषातच बोलतो. सर्व पृथ्वीवर त्याच्याइतका नम्र माणूस नव्हता असे गणनेत म्हटले आहे, आणि हे वाक्य त्याने स्वतःविषयी लिहिले असे मानणे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. अनुवादाच्या शेवटच्या अध्यायात तर त्याचा मृत्यू, त्याचे दफन आणि त्याच्यासारखा संदेष्टा पुन्हा झाला नाही हा निर्वाळा, सगळे आले आहे. ज्या काळी हे लिहिले गेले त्या काळापर्यंत बरेच संदेष्टे होऊन गेले असले पाहिजेत, एरवी तुलनेला अर्थच राहत नाही.

ही अडचण जर्मन प्राध्यापकांनी शोधून काढलेली नाही. ताल्मुदातच, बावा बत्रा या प्रकरणात, शेवटची आठ वचने यहोशवाने लिहिली असे एक मत नोंदले आहे. त्याच ठिकाणी ती मोशेनेच लिहिली असे सांगणारे दुसरे मतही आहे. म्हणजे परंपरेच्या आतही एकमत नव्हते. बाराव्या शतकात स्पेनमधून आलेला अब्राहाम इब्न एझ्रा हा थोर ज्यू भाष्यकार आणखी पुढे गेला. उत्पत्तीच्या बाराव्या अध्यायात अब्राहाम कनान देशातून जातो तेव्हा त्या काळी तिथे कनानी लोक होते असे एक वाक्य आहे. कनानी निघून गेल्यानंतरच्या माणसालाच ते सुचावे. अनुवादाच्या पहिल्याच वचनात मोशे यार्देनेच्या पलीकडे बोलला असे येते, आणि मोशेने तर यार्देन कधी ओलांडली नाही; तिच्या पूर्वेला पलीकडचा तीर म्हणणारा माणूस पश्चिमेला बसलेला आहे. इब्न एझ्राने अशा जागा एकत्र टिपल्या, त्यात एक गूढ आहे असे सुचवले आणि ज्याला कळेल त्याने गप्प राहावे असा सल्ला दिला. स्पिनोझाने १६७० साली ते गूढ उघड बोलून दाखवले. याच वाटेने आणखी उदाहरणे मिळतात. उत्पत्तीच्या छत्तिसाव्या अध्यायात अदोमाच्या राजांची यादी आहे आणि इस्राएलांवर कोणी राजा होण्यापूर्वीचे हे राजे असे तिथे म्हटले आहे. इस्राएलात राजे झाले हे ठाऊक असलेल्यानेच हे लिहिले. अब्राहाम शत्रूंचा पाठलाग दान नगरापर्यंत करतो, पण त्या नगराला दान हे नाव शास्त्यांच्या काळात मिळाले, असे त्याच बायबलातले दुसरे पुस्तक सांगते.

यावर उत्तर ठरलेले असते. एखाद्या लेखनिकाने समजुतीसाठी अधूनमधून एखादे वाक्य घातले असेल, तेवढ्याने मूळ लेखक बदलत नाही. हे उत्तर या सुट्या वाक्यांपुरते मला मान्य आहे. माझा खरा आधार या वाक्यांवर नाही, कायद्यांवर आहे.

तोराह हा मुख्यतः कायद्याचा ग्रंथ आहे, आणि त्यातल्या कायद्यांची एकमेकांशी गाठ घातली की एका लेखकाची कल्पना टिकत नाही. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात देव सांगतो की मातीची वेदी करा, आणि जिथे जिथे मी माझ्या नावाचे स्मरण करवीन तिथे मी येऊन आशीर्वाद देईन. अनुवादाच्या बाराव्या अध्यायात हेच निषिद्ध होते. देव निवडील त्या एकाच स्थळी यज्ञ करायचा, बाकीची स्थळे मोडून टाकायची. वल्हांडणाचा सण निर्गमात घरोघरी होतो, कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लागते. अनुवादात आपापल्या गावी वल्हांडण करायलाच मनाई आहे, त्या एका स्थळी जायचे. दासाविषयीचे नियम पाहा. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात इब्री दास सातव्या वर्षी सुटतो, पण बापाने विकलेली मुलगी दासांसारखी सुटत नाही. अनुवादाच्या पंधराव्या अध्यायात स्त्री-पुरुष दोघेही सातव्या वर्षी सुटतात, आणि त्यांना रिकाम्या हाताने पाठवायचे नाही. लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षाची गोष्टच नाही. इस्राएली माणसाला दास म्हणून राबवायचेच नाही, त्याला मजुरासारखे वागवायचे आणि पन्नासाव्या, योबेलाच्या वर्षी सोडायचे. हे एका माणसाचे तीन मसुदे वाटत नाहीत. गरिबाने कर्जापायी स्वतःला विकले तर समाजाने काय करायचे, या प्रश्नावर तीन वेगवेगळ्या मंडळींनी तीन काळांत दिलेली ही उत्तरे आहेत, आणि मागची उत्तरे पुढच्यांना ठाऊक असावीत असे त्यांच्या मांडणीवरून दिसते. मला या ग्रंथाचे मोठेपण इथेच जाणवते. नवा कायदा आला म्हणून जुना पुसला गेला नाही, दोन्ही शेजारी ठेवले गेले.

यावर समर्थक म्हणतात की आधीचे कायदे वाळवंटातले, नंतरचे वस्ती करण्याच्या तोंडावरचे. चाळीस वर्षांत मोशेनेच दुरुस्ती केली. मग दहा आज्ञांचे काय? त्या तर देवाने एकदाच, सर्वांसमक्ष उच्चारल्या असे दोन्ही पुस्तके सांगतात. तरी शब्बाथ का पाळायचा याचे कारण निर्गमात सहा दिवसांची सृष्टिरचना आहे आणि अनुवादात मिसरातले दास्य. एकाच भाषणाचा हा अहवाल दोन परंपरांतून आला आहे, एवढाच त्याचा सरळ अर्थ निघतो.

शिवाय दुरुस्तीच्या कल्पनेला पुढचा इतिहास आड येतो. एकाच स्थळी यज्ञ हा नियम मोशेच्या काळापासून लोकांना माहीत असता तर शमुवेलासारख्या संदेष्ट्याने रामा इथे वेदी बांधली नसती, आणि एलीयाने कर्मेल डोंगरावर मोडलेली वेदी पुन्हा उभी केली नसती. त्यांना कोणी दोष देत नाही, सांगणारा निवेदकही देत नाही. यहूदाच्या राज्यात अराद इथल्या किल्ल्यात उत्खननात मंदिर सापडले आणि बैर-शेबा इथे वेदीचे घडीव दगड सापडले, ते याच चित्राशी जुळते. मग राजांच्या दुसऱ्या पुस्तकातली ती प्रसिद्ध हकिगत येते. योशिया राजाच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. ६२२ च्या सुमारास, यरुशलेमच्या मंदिराची डागडुजी चालू असताना हिल्कीया याजकाला नियमशास्त्राचा एक ग्रंथ सापडतो. राजा तो ऐकून वस्त्रे फाडतो आणि देशातली सगळी उच्च स्थाने मोडून उपासना एका मंदिरात आणतो. राजाला, मंत्र्याला, प्रमुख याजकाला हा ग्रंथ तोवर ठाऊकच नव्हता. त्याने जे केले ते अनुवादाच्या नियमांशी जुळते, निर्गमाच्या नाही. डे वेट्टे या विद्वानाने १८०५ साली हा दुवा जोडला, आणि या अभ्यासातला तो सर्वांत भक्कम टप्पा आहे असे माझे मत आहे. योशियानंतर दोनशे वर्षांनीही, इ.स.पू. पाचव्या शतकात, नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावरचे ज्यू आपले स्वतंत्र मंदिर राखून होते. ते उद्ध्वस्त झाल्यावर इ.स.पू. ४०७ मध्ये त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला अर्ज करून ते पुन्हा बांधायला मदत मागितली. यरुशलेमबाहेर मंदिर बांधण्यात काही गैर आहे, याची पुसटशी जाणीवही त्या अर्जात दिसत नाही.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आक्षेप असा की मोशेच्या काळी लिपी होती, सीनायच्या खाणींतच सेराबित अल-खादिम इथे अतिप्राचीन वर्णलिपीतले कोरीव लेख सापडले आहेत, तेव्हा मोशे लिहू शकत होता. शकत असेलही. पण लिहिता येणे आणि हे लिहिलेले असणे यांत फार अंतर आहे, आणि भाषा ते अंतर दाखवते. मोशेचा काळ सामान्यतः इ.स.पू. तेराव्या शतकात धरतात. तोराहातले गद्य मात्र शिलोहच्या बोगद्यातल्या इ.स.पू. ७०० च्या सुमाराच्या लेखाशी आणि लाखीशच्या पत्रांशी जवळचे नाते सांगणारे हिब्रू आहे. मधे पाचसहा शतके गेली. मराठी वाचकाला हे अंतर डोळ्यांनी मोजता येते. १२९० ची ज्ञानेश्वरी आणि १८४८ पासूनची लोकहितवादींची शतपत्रे यांच्यात साधारण तेवढीच वर्षे आहेत, आणि शतपत्रांच्या भाषेतला मजकूर कोणी यादवकाळातला म्हणून पुढे केला तर आपण क्षणभरही मानणार नाही. उलट तोराहातच काही काव्ये आहेत, समुद्र ओलांडल्यावरचे गीत किंवा याकोबाचे आशीर्वाद, ज्यांची भाषा भोवतालच्या गद्याहून जुनी आहे. एका हातून उतरलेल्या ग्रंथात असे थर दिसत नाहीत. नंतरच्या लेखनिकांनी सगळ्या गद्याची भाषा नवी केली असे कोणी म्हणेल, तर त्याने नंतरच्या हातांचे अस्तित्व कबूल केलेच आहे. उरतो तो त्यांनी किती केले एवढाच प्रश्न.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो उंबेर्तो कासुतो या थोर ज्यू विद्वानाने १९४० च्या दशकात मांडला. देवाची दोन नावे, दुहेरी कथा, शैलीतले फरक यांवरून ग्रंथाचे तुकडे पाडणे म्हणजे प्राचीन पूर्वेकडच्या वाङ्मयाची रीत न समजणे. नावे प्रसंगानुसार बदलतात आणि पुनरुक्ती ही कथनाची कला आहे. नावांबाबत कासुतोंचे म्हणणे मला बरेचसे पटते. १७५३ साली झाँ आस्त्रुक या फ्रेंच वैद्याने केवळ नावांवरून उत्पत्तीचे दोन स्रोत वेगळे केले, तो आरंभ होता, तेवढ्यावर इमारत उभी राहत नाही. पण जलप्रलयाची कथा पाहा. एकीकडे प्रत्येक प्राण्याची एकेक जोडी, दुसरीकडे शुद्ध प्राणी साताच्या हिशेबाने. एकीकडे चाळीस दिवसांचा पाऊस, दुसरीकडे दीडशे दिवसांचे पाणी. हे दोन धागे वेगळे केले की दोन्हीकडे जवळजवळ सलग, स्वतःच्या पायावर उभी कथा उरते. शैलीची लकब म्हणून हे समजावता येत नाही. बरे, असे दोन धागे विणण्याची रीत प्राचीन काळी होती का? होती, आणि त्याचा पुरावा हाती आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात तातियान याने चारही शुभवर्तमाने विणून एकच अखंड ग्रंथ केला आणि सिरियातल्या मंडळ्यांत तो दीर्घकाळ उपासनेत वाचला गेला. तिथे स्रोतही उपलब्ध आहेत आणि विणलेले वस्त्रही. तोराहाच्या बाबतीत तर शोमरोनी लोकांची प्रत हाच साक्षीदार आहे. न्यायाधीश नेमण्याची कल्पना निर्गमात मोशेचा सासरा सुचवतो, अनुवादात मोशे स्वतः लोकांपुढे मांडतो. शोमरोनी प्रतीत अनुवादातला मजकूर उचलून निर्गमात बसवला आहे. कुमरानच्या गुहांत सापडलेल्या निर्गमाच्या एका जुन्या लिपीतल्या प्रतीतही अशा प्रकारच्या भरी आहेत.

इथे महाभारताचा दाखला टाळता येत नाही. भारत चोवीस हजार श्लोकांचे होते असे महाभारतच आदिपर्वात सांगते, आणि आजचा ग्रंथ लाखाच्या घरात जातो. चिंतामणराव वैद्यांनी त्याच्या वाढीचे टप्पे मांडले. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ साली चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते १९६६ साली पुरे झाले. त्या कामाचे सूत्रधार विष्णु सीताराम सुखटणकर हे पाश्चात्त्यांच्या तुकडेपाडू अभ्यासाचे कठोर टीकाकार होते. महाभारत हा अर्थपूर्ण अखंड ग्रंथ आहे ही त्यांची भूमिका होती. तरी त्याच सुखटणकरांनी १९३६ साली दाखवून दिले की भृगुकुळाच्या कथा ग्रंथभर अशा पेरल्या गेल्या आहेत की कोणा भार्गव मंडळींच्या हातून या ग्रंथाची पुनर्घडण झाली असली पाहिजे. तोराहात अहरोनाच्या वंशाच्या याजकांचा ठसा ओळखणारे अभ्यासक नेमके हेच करतात. यावर कोणी नेमके बोट ठेवील की सुखटणकरांच्या हाती भिन्न हस्तलिखिते होती, तोराहाच्या स्रोतांचे एकही सुटे हस्तलिखित मिळालेले नाही. हा फरक खरा आहे, आणि म्हणूनच अमुक वचनाचा पूर्वार्ध या स्रोताचा आणि उत्तरार्ध त्या स्रोताचा, असे छातीठोक सांगणाऱ्यांवर माझाही विश्वास नाही. पण भार्गवांचा निष्कर्ष सुखटणकरांनी पाठभेदांवरून काढला नव्हता. सर्व प्रतींत समान असलेल्या मजकुराच्या आतल्या साक्षीवरून काढला होता. तीच साक्ष इथेही बोलते.

तिसरा आक्षेप हल्ली फार ऐकू येतो. जर्मन विद्वान वेलहाउझेनने १८७८ साली मांडलेला चार स्रोतांचा सिद्धांत कोसळला, अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा मोशेकडे परत चला. वाद आहेत हे खरे. १९७० च्या दशकात व्हान सेटर्स आणि रेन्टॉर्फ यांनी जुन्या मांडणीला मोठे हादरे दिले, जुने दोन कथास्रोत वेगळे होते की नाही यावर अजून भांडण आहे, आणि याजकीय भाग बाबेलच्या बंदिवासाआधीचा की नंतरचा यावरही आहे. पण वाद कशाविषयी आहे ते पाहिले पाहिजे. हात किती, कोणत्या क्रमाने, कोणत्या शतकात, हा तो वाद आहे. हात एकच होता असे या वादातला कोणताही पक्ष म्हणत नाही. केतेफ हिन्नोम इथे १९७९ साली सापडलेल्या चांदीच्या चिमुकल्या गुंडाळ्यांवर गणनेतल्या याजकीय आशीर्वादाचे शब्द आहेत आणि त्या बंदिवासाच्या सुमारच्या किंवा आधीच्या आहेत, याचाही असाच वापर केला जातो. त्यांवरून तो आशीर्वाद जुना ठरतो, आणि वेलहाउझेनची काही कालगणना डळमळते. गणना हे पुस्तक तेव्हा आजच्या रूपात होते असे मात्र त्यांवरून सिद्ध होत नाही.

चौथ्या आक्षेपाविषयी मला आदर आहे. न्यूयॉर्कमध्ये ज्यू विद्वान सॉलोमन शेख्टर यांनी १९०३ साली या ग्रंथचिकित्सेला ज्यूद्वेषाचा उच्चभ्रू अवतार म्हटले, ते उगाच नाही. वेलहाउझेनच्या मांडणीत बंदिवासानंतरचा ज्यू धर्म म्हणजे जिवंत श्रद्धेचे वाळून गेलेले रूप होते, आणि त्या चित्रामागे पूर्वग्रह होता. आपल्याकडेही वसाहतकालीन विद्वानांच्या लेखनात तसला तुच्छतेचा सूर भरपूर भेटतो. पण पूर्वग्रह निष्कर्षाच्या मूल्यमापनात होता; दासांविषयीचे तीन कायदे वेलहाउझेनने लिहिले नव्हते. येहेज्केल काउफमान यांनी वेलहाउझेनचा इतिहास मुळापासून उलटवला, याजकीय भाग बंदिवासाआधीचा आहे असे आग्रहाने मांडले, आणि तरीही स्रोत अनेक आहेत हे मान्य केले. हा ज्यू प्रतिवाद ज्यू पंडिताने हिब्रूत केलेला आहे. चिकित्सा म्हणजे परक्यांचे हत्यार हे म्हणणे त्यांच्यापुढे टिकत नाही. आणि भक्ती व चिकित्सा यांचे वैर असते असे मराठी माणसाने तरी म्हणू नये. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून तिचे शुद्धीकरण केले, कारण पाठांत भेसळ झाली होती हे त्यांना दिसले आणि ती तशीच राहू देणे त्यांच्या भक्तीला पटले नाही.

आता दुसऱ्या बाजूला, बनावट म्हणणाऱ्यांना, उत्तर देणे राहिले. एखाद्या महान नावाखाली मागाहून लिहिणे म्हणजे फसवणूक, हा छापखाना आणि लेखाधिकार यांच्यानंतरचा निकष आहे. सणसर, बेलवाडी, अंथुर्णे, निमगाव केतकीच्या वाटेने तुकोबांची पालखी दरवर्षी इंदापूरकडे जाते. त्या दिंड्यांत नामदेवांच्या मुद्रेचे अभंगही गायले जातात. त्या मुद्रेखाली तेराव्या-चौदाव्या शतकातल्या नामदेवांबरोबर सोळाव्या शतकातल्या विष्णुदासनाम्याची रचना मिसळली आहे, आणि आणखीही कोणाकोणाची. अभ्यासकाने ती वेगळी करावी, तो त्याचा धर्म आहे. पण विष्णुदासनाम्याला कोणी ठग म्हणत नाही. त्याच अर्थाने अनुवाद लिहिणाऱ्यांनी मोशेच्या तोंडी कायदा घातला. गुलामाला रिकाम्या हाती सोडू नका हे ज्याला सांगायचे होते, त्याने ते मोशेच्या परंपरेचे पुढचे पाऊल म्हणून सांगितले, स्वतःचे नाव मोठे करण्यासाठी नव्हे. आपल्याकडे महाभारताची वाढ अभिमानाने सांगणारे लोक तोराहाची वाढ ऐकून तिला गोधडी म्हणून हिणवतात, तेव्हा ते जी फूटपट्टी दुसऱ्याला लावतात ती स्वतःच्या घरी लावत नाहीत.

उरतो तो सर्वांत मनापासूनचा आक्षेप. मायमोनिडीसने बाराव्या शतकात ज्यू श्रद्धेची तेरा तत्त्वे सांगितली, त्यांतले आठवे हेच की संपूर्ण तोराह मोशेच्या द्वारे मिळाली. ते तत्त्व गेले तर आज्ञांचे बंधन कशावर उभे राहणार? ज्यू तत्त्वज्ञ फ्रान्झ रोझेन्झ्वाइग यांनी याला विसाव्या शतकात उत्तर दिले की स्रोत जुळवणाऱ्या ज्या अंतिम संपादकाला विद्वान केवळ एका अक्षराने ओळखतात, तोच आमचा गुरू आहे, आणि आम्ही शिकतो ते त्याने जुळवलेल्या अखंड ग्रंथातून. हे उत्तर सुंदर आहे, पण मला त्याहून मोठा पुरावा कोकणात दिसतो. १७३८ साली एका मिशनऱ्याने पत्रात नोंदवले की या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएल लोकांपाशी बायबल नाही आणि शेमा ही प्रार्थना सोडली तर त्यांना हिब्रू येत नाही. पाच पुस्तके हाताशी नसताना हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत होते, म्हणून त्यांना शनवार तेली हे नाव पडले. मुलांची सुंता होत होती, खवले नसलेला मासा घरात येत नव्हता, दारफाळणीच्या सणाला दारे लावून उपास होत होता, आणि वल्हांडणाच्या दिवसांत अनाशीचे मडके झाकले जात होते. त्यांतल्या कोणीही मोशेचा हस्तलेख पाहिला नव्हता, त्याची नक्कलही नाही. दावीद राहाबी या ज्यू शिक्षकाने त्यांना विधी शिकवले असे सांगतात; पुढे १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत मांडवीला पहिले सिनेगॉग बांधले, आणि मग गुंडाळीवरची तोराह त्यांच्यात वाचली जाऊ लागली. आधी आचार, मग ग्रंथ, हा क्रम त्यांच्या इतिहासात उघड आहे. एकोणीसशे साठच्या दशकात इस्राएलच्या धर्मपीठाने त्यांच्या विवाहसंबंधांवर शंका घेतली, तेव्हाही वाद झाला तो त्यांच्या घटस्फोटाच्या आणि लग्नाच्या चालीरीतींवर. १९६४ साली त्यांनी यरुशलेमात धरणे धरून समान हक्काची मागणी केली आणि संसदेने त्यांच्या बाजूने निर्वाळा दिला.